गोधडीची चौथी कड

१२ जानेवारी

धाकटीस,

अक्षर ओळखून पाकीट फाडायला निघाली असशील तर जरा थांब. आत तुझ्यासाठी गोड काही नाही, पण तुझ्या लेकीच्या कामाचं आहे. फोन तू उचलत नाहीस. दोनदा केला, दोन्ही वेळा वाजून वाजून बंद पडला. तिसऱ्यांदा करण्याइतकी मी अजून लाचार झालेली नाही, म्हणून हे पत्र.

परवा ठमीचा दुकानात फोन आला. मी एका जाड्या गिऱ्हाइकाच्या पँटची कंबर सैल करत होते, तोंडात चार टाचण्या. मालकांनीच फोन माझ्या कानाला लावून धरला. पलीकडून पोरगी म्हणाली, "मावशी, मला बाळ होणारेय. एप्रिलच्या शेवटी." टाचण्या गिळल्या नाहीत हेच नशीब. मग म्हणाली, "आजी शिवायची तशी गोधडी शिवशील का गं त्याला? मला आजीची मिळाली नाही, निदान त्याला तरी मिळू दे."

मला आजीची मिळाली नाही. हे वाक्य तुला जसंच्या तसं पाठवतेय, नीट वाच. का मिळाली नाही याचं तू तिला काय सांगितलं असशील ते मी इथे बसून सांगू शकते. सगळं खापर माझ्यावर फोडून मोकळी झाली असशील. सहा वर्षं झाली, एवढ्यात तुझी गोष्ट चांगली घोटून पक्की झाली असणार.

तर मी गोधडी शिवणार आहे. परवानगी मागत नाहीये, कळवतेय. माझ्याकडे आईचा हिरवा गाऊन आहे, ठमीचा बदकांचा फ्रॉक आहे, स्वयंपाकघराचे जुने पिवळे पडदे आहेत. तुझा एकही कपडा घेणार नाही, काळजी नसावी. फक्त बाबांचा करड्या चौकड्यांचा कोट तुझ्याकडे आहे. तो तू माझ्या कपाटातून न विचारता नेलास. त्याच्या अस्तराचा हातभर तुकडा कापून पाठव. सरळ काप. कापड सरळ धरून कापायचं असतं, हे तुला शिकवताना माझे दिवस गेले आहेत. सुई धरायलाही मीच शिकवलं, उजव्या हातात, तू कितीही भोकाड पसरलंस तरी.

आठ दिवसांत तुकडा यायला हवा. नाही आला तरी गोधडी होईल, फक्त तिच्यात आजोबा नसतील, आणि ते तू तुझ्या नातवंडाला समजावून सांग.

कळावे. लोभ नाही हे दोघींनाही माहीत आहे, तेव्हा ते वाक्य गाळते.

मोठी


२ फेब्रुवारी

धाकटीस,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. शाळेत पोरांच्या चित्रकलेच्या वहीवर शेरा मारतेस तशा. "गोधडी नको. एका गोधडीचं तू काय केलंस तेवढं मला पुरे आहे." खाली सही पण नाही. मी काय तुला ओळखत नाही का, की सही करताना हात दुखला?

बरं. तू विषय काढलास ना, मग आता पूर्ण ऐक. सहा वर्षं मी गप्प बसले, कारण मला वाटलं तुला मनातून लाज वाटत असेल. कार्डावरून तसं दिसत नाही.

आईची उजवी बाजू गेली तेव्हा ठमीची गोधडी तीन कडा शिवून तयार होती. चौथी राहिली होती. तीन वर्षं ती खाटेवर होती. त्या तीन वर्षांत तू किती वेळा आलीस? मी मोजायला गेले तर एका हाताची बोटं उरतील. तुला शाळा होती, परीक्षा होत्या, ठमीचं आजारपण होतं. मला काही नव्हतं, नाही का? सकाळी आईला पुसून, भरवून, कूस बदलून मी दुकानात जायचे. दुपारी शेजारीण डोकावायची. आठवड्यातून दोनदा ती व्यायामवाली बाई यायची, जिला आई 'व्यायामबाई' म्हणायची. संध्याकाळी मी परत. एकदा आईनं उशीखालची टाचणी घेऊन बोटात खुपसून घेतली, तेव्हापासून सुया, कात्री, टाचण्या सगळं पेटीत घालून मी कुलूप लावलं. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. आईला तिथवर जाता यायचं नाही.

शेवटचे चार दिवस तू आलीस. आलीस ती सरळ तिच्या उशाशी. आणि जी आई माझ्याशी दिवसात दोन शब्द बोलायची नाही, ती तुझ्याकडे बघून हसली. तोंडाच्या एकाच बाजूनं, पण हसली. मी दारात उभी होते, हातात भांडं होतं. तुला मी दिसले नाही.

आई गेली, तू गेलीस. मग एका दुपारी मी ती गोधडी उघडली, चौथी कड पुरी करून ठमीला पाठवायची म्हणून. बघते तर कड शिवून झालेली! आणि तुरपाई कशी? सगळे टाके डावीकडे झुकलेले. मी वीस वर्षं दुरुस्तीच्या दुकानात आहे. कोट हातात आला की आतली शिवण बघून शिवणारा कसा माणूस असेल ते मी सांगते, मालक गिऱ्हाइकांना माझी ही करामत दाखवतात. मला टाका वाचता येतो. आपल्या घरात डावरी एकच आहे. खिळ्यावरची किल्ली काढणारीही एकच.

तीन वर्षं माझी, आणि चार दिवसांत येऊन तू तिच्या शेवटच्या गोधडीवर आपला हात उमटवून गेलीस. मी ती कड उसवली. पूर्ण. एका दुपारात. सरळ, उजव्या, नीट टाक्यांनी पुन्हा शिवली. उसवताना दर दहाव्या टाक्याला दोरा अडकत होता. आई दहावा टाका दुहेरी घालायची ना, म्हणजे उसवलंच तर तिथवर येऊन थांबावं म्हणून. तिची नक्कल करायला गेलीस, ती तेवढीच जमली तुला.

आणि महिन्याभराने वस्तू घ्यायला आलीस तेव्हा तुझं ते तोंड. "ताई, ते आईचे टाके होते." आईचे! जिचा उजवा हात तीन वर्षं कुणीतरी विसरून गेलेल्या सामानासारखा उशीवर पडून होता! मी तेव्हाही म्हटलं, आताही लिहिते. गेलेल्या माणसाच्या नावावर तरी खोटं बोलू नये. तू बाबांचा कोट उचललास आणि गोधडी जमिनीवर टाकून निघून गेलीस. ती अजून माझ्या कपाटात आहे.

एवढंच मी केलं त्या गोधडीचं. नीट केली.

अस्तराचा तुकडा आला नाही. आठवण करून देतेय.

मोठी


२० फेब्रुवारी

अगं, तुला काही वाटतं का?

आज ठमीचा फोन. रडत होती. सात महिन्यांची गरोदर पोरगी दुकानाच्या फोनवर हुंदके देते आणि मी समोरच्या गिऱ्हाइकाला "बाही आखूड करायची ना?" असं विचारतेय. म्हणे, तू तिला बजावलंस की मावशीची गोधडी पाळण्यात पडली तर मी बाळंतपणाला येणार नाही. तिचा नवरा फिरतीवर. सासरी करणारं कुणी नाही. आणि तू, तिची सख्खी आई, तिला वेठीला धरतेस? माझ्यावरचा राग पोरीच्या पोटावरून काढतेस?

मी तिला सांगितलं, "तुझी आई येईल. ती नुसती तोंडाने तशी आहे." तुझी बाजू घेतली मी. आयुष्यात पहिल्यांदा, आणि घेताना जीभ जड झाली. ती म्हणाली, "मावशी, मग गोधडी राहू देतेस का?" मी म्हटलं, राहू कशी देऊ, अर्धी झालीय.

झालीच आहे अर्धी. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत शिवते, इस्त्रीच्या टेबलावर पसरून. मालक येता-जाता टेबलाची किती जागा अडली ते डोळ्यांनी मोजतात. चौकोन जुळवलेत, वरून धावदोरा घालायचं चाललंय. हिरवा गाऊन, बदकं, पिवळे पडदे. मध्यभागी निळा हवा होता. कुठलाच निळा जुळेना. शेवटी तुझ्या शाळेच्या जुन्या गणवेशाचा खिसा सापडला, तो लावला. त्यावर शाईचा डाग आहे, तुझाच. यातून काही भलता अर्थ काढू नकोस. दुसरा निळा मिळाला नाही, एवढंच.

एक गोष्ट पक्की ऐकून ठेव. तू बाळंतपणाला गेली नाहीस, तर मी दुकानाला रजा टाकून जाईन. गोधडी घेऊनच जाईन. मग पाळण्याच्या एका बाजूला मी बसेन आणि दुसऱ्या बाजूला तुझी रिकामी खुर्ची असेल. ती खुर्ची ठमी जन्मभर विसरणार नाही. माझी मुलं नाहीत, मला गमावायला काही नाही. तुला आहे.

मोठी


९ मार्च

धाकटीस,

एका प्रश्नाचं उत्तर हवंय. 'हो' किंवा 'नाही' एवढंच लिही. शेरा नको, टोमणा नको. तुझ्या त्या कार्डाला एवढी जागा पुरेल.

त्या चार दिवसांत तू गोधडीच्या चौथ्या कडेला हात लावला होतास का? एक तरी टाका घातला होतास का?

का विचारतेय ते विचारू नकोस. काल दुकानात एक बाई कोटाची चेन बदलायला आली होती. बाकी काही नाही. चेन अजून बदललेली नाही. आज सकाळपासून मी त्याच कोटाला सात वेळा हात लावला आणि सात वेळा खाली ठेवला.

लवकर लिही. पाकिटात उत्तरासाठी तिकीट लावलेलं कार्ड ठेवलंय. पत्ता पण मीच घातलाय, म्हणजे तुला माझं नावगाव लिहायची शिक्षा नको.

मोठी


१८ मार्च

धाकटीस,

तुझं कार्ड आलं. "सहा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. नाही."

आता मी लिहिते ते बसून वाच. चालता चालता, शाळेच्या वाटेवर वाचू नकोस.

कोट घेऊन आलेली बाई व्यायामबाई होती. मी तिला ओळखलं नाही. केस पिकलेत, चष्मा लागलाय. आणि खरं सांगायचं तर ती घरी यायची तेव्हा मी दुकानात असायचे, तिला मी दोनतीनदाच बघितलं होतं. तिनं मला ओळखलं. पावती फाडून देत होते तेव्हा माझ्याकडे टक लावून म्हणाली, "तुम्ही त्या आजींची मोठी मुलगी ना? डाव्या हातानं शिवायच्या त्या?"

मी म्हटलं, "माझी आई उजव्या हातानं शिवायची."

"आधी शिवत असतील. मी आले तेव्हा डावाच उरला होता. आधी मी बटणं उचलायला लावायचे, बोटांना व्यायाम म्हणून. मग त्याच एक दिवस खुणेनं म्हणाल्या, सुई दे."

"सुया कुलपात होत्या."

"हो, ठाऊक आहे ना!" ती हसायला लागली. "माझ्या पर्समधली दिली. लाल दोऱ्याचं रीळ पण मीच आणलं. तुम्ही यायच्या आत सुई-दोरा उशीच्या अभ्र्यात लपवायचा, गोधडी पायाशी घडी करून ठेवायची. एकेक शब्द जोडून सांगायच्या, मोठीला कळलं तर हातातून काढून घेईल. पुरी झाली की दाखवीन म्हणायच्या. काय हो त्यांची जिद्द! एका कडेला वर्ष लागलं. रोज चार टाके, कधी दोनच. घामाघूम व्हायच्या." मग चष्मा पुसत तिनं विचारलं, "आवडली का हो तुम्हाला?"

मी म्हटलं, "हो."

दुसरं काय सांगणार? वर्षभराचं काम मी एका दुपारात उसवलं, हे सांगू? तेही ब्लेडनं उसवलं, घाईत, राग काढत. दर दहाव्या टाक्याला दोरा अडकत होता. धाकटे, तू जन्मात कधी दहावा टाका दुहेरी घातला नाहीस. तुला तेवढा दमच नव्हता. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं होतं, असंही आता वाटतं. हात एकदोनदा थांबला होता. मी तो पुन्हा चालवला, कारण मला ते टाके तुझेच हवे होते. तुझे असले तरच मला उसवता येणार होते.

टाका वाचता येतो म्हणून मी टेंभा मिरवायची. आईचा टाका वाचता आला नाही.

टाचणीचंही खोटं लिहिलं तुला. तिनं टोचून घेतलं नव्हतं. ती टाचणी डाव्या हातात धरून चादरीच्या कडेशी खेळत होती, टोचत होती, काढत होती. आता कळतं, ती शिवून बघत होती. मी हातातून हिसकावून घेतली आणि ओरडले, "आता हे राहू दे! तुझ्यानं होणार नाही." त्यानंतर ती माझ्याशी दिवसात दोन शब्दही बोलायची नाही. ते मी आजारपणावर ढकललं.

आणि तुझा हात. तू सहा वर्षांची, मी तेरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माझ्या रिबिनीनं तुझा डावा हात खुर्चीला बांधला होता. आईला सांगितलं, खेळतोय. तू उजव्या हातानं टाका घालायचीस आणि मी म्हणायचे, उसव. पुन्हा घालायचीस, पुन्हा उसव. एका दुपारी एक रुमाल तुझ्याकडून नऊ वेळा उसवून घेतला. रिबीन आईनं सोडली आणि मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

माफी मागतेय असं समज. पण मागून झाली म्हणून लगेच लाडात येऊ नकोस, कारण माझा राग संपलेला नाही. तिनं तुला दाखवलं. चार दिवसांत तुला दाखवलं, आणि माझ्यापासून वर्षभर लपवलं. तिला मी पुसत होते, मी भरवत होते, आणि उशीच्या अभ्र्यात काय आहे ते तुला माहीत! तो अभ्रा दर आठवड्याला धुणारी मी! तो धुण्याच्या दिवशी ती सामान कुठे लपवत असेल? तुझ्यासारखी डावरी झाले असं काहीतरी ती तुला म्हणाली असेल आणि म्हणून तुम्ही दोघी हसलात. हो ना? मी दारात भांडं घेऊन उभी होते. हे मला आजही सहन होत नाही आणि उद्याही होणार नाही.

तू खरं बोलत होतीस. मी तुला खोटारडी म्हटलं, घरापासून तोडलं, सहा वर्षं. तुझ्या लेकीला तिच्या आजीची गोधडी मिळाली नाही ती माझ्यामुळे. हे मी आज दुकानातून ठमीला फोन करून सांगितलं. मालक ऐकत होते. ऐकू दे.

ती म्हणाली, "आईला सांगितलंस?" मी म्हटलं, लिहितेय.

मोठी


२ एप्रिल

धाकटे,

या पत्राबरोबर खोकं आहे. दोन गोधड्या आहेत आणि एक पुठ्ठा आहे. वरची दोरी कापू नकोस, सोडव. मला खोकं परत नको आहे, पण दोरी चांगली आहे.

मोठी गोधडी आईची. तिच्या चौथ्या कडेवर माझी तुरपाई तशीच आहे. सरळ, नीट, एकसारखी. बघवत नाही. ती तू उसव. ब्लेड घे, दात लाव, काय वाटेल ते कर. मला उसवता आली असती, पण मी एकदा ती कड उसवली आहे, दुसऱ्यांदा हात धजत नाही.

पुठ्ठ्यावर गुंडाळलाय तो लाल दोरा आईचा. उसवलेला दोरा टाकायचा नाही, गुंडाळून ठेवायचा, ही तिची शिस्त. रागानं आंधळी झाले होते तरी सवयीनं गुंडाळलाच. सहा वर्षं बटणांच्या डब्यात पडून होता. दहाव्या टाक्यापाशी मी कापला तिथे तुकडे झालेत, ते गाठ न मारता एकापुढे एक गुंडाळलेत. जवळून बघ. दोऱ्याला अजून वळ्या आहेत. प्रत्येक टाका जिथे वळला तिथे दोरा वाकलेला राहिलाय. इस्त्री करून सरळ करायचं एकदा मनात आलं होतं. केलं नाही.

लहान गोधडी बाळाची. तीन कडा माझ्या आहेत. चौथी उघडी ठेवलीय, पट्टी दुमडून टाचण्या लावल्यात, बोटाला लागतील, जपून. ती तुझी. डाव्या हातानं घाल. आईचा दोरा पुरेल, मी मापून बघितलं. बाबांच्या कोटाचं अस्तर शेवटपर्यंत आलं नाही, हे मी विसरलेली नाही. तिथे चौकोन मोकळा सोडलाय, तुझ्या मनात आलं तर लाव. नाही लावलंस तर भोक दिसेल आणि लोक विचारतील तेव्हा माझं नाव सांगू नकोस.

पाळण्यात घालायची की नाही ते तू ठरव. मी ठमीला तसं सांगितलंय. नको वाटली तर घडी घालून ठेव, मी विचारणार नाही. पण तू तिच्याकडे जा. बाविसाव्या तारखेच्या आत जा. मी त्या दिवसांत येणार नाही, दुकानात कामं आहेत. खुर्ची तूच घे.

आणि एक राहिलं. उघड्या कडेच्या सुरुवातीला तुला अकरा टाके घातलेले दिसतील. ते माझे आहेत. डाव्या हातानं घातलेत. तीन दुपारी गेल्या त्यात. सुई धरता येईना, दोरा ओढताना कापड गोळा व्हायचं, मालक मागे उभे राहून म्हणाले, "बाई, तुम्हाला बरं नाही का?" घाम फुटला. तिला वर्ष का लागलं ते मला चौथ्या टाक्याला कळलं.

वाईट आहेत. वेडेवाकडे आहेत, एक तर कडेच्या बाहेरच गेलाय. तुझ्या जागी मी असते तर काय म्हटलं असतं ते तुला ठाऊक आहे. दहावा दुहेरी आहे.

उसवू नकोस.

ताई